औषधी वनस्पतींची छाट कलमे आणि चार प्रकारची माती : श्रावणापर्यंतची नोंद

खानापूरकडची जांभ्याची तांबडी माती आणि चिकोडी-अथणीकडची काळी माती या दोन्ही बेळगावात सहज मिळत असल्यामुळे अडुळसा, निर्गुडी, गुळवेल आणि पानओवा यांची छाट कलमे (तोडलेल्या काड्या लावून केलेली रोपे) यंदा वेगवेगळ्या मिश्रणांत एकाच वेळी लावली. वळीव पडून गेल्यावर काड्या काढल्या होत्या. आता श्रावण लागला आहे आणि मुळ्या तपासण्याजोग्या झाल्या आहेत.

पहिले मिश्रण तांबडी माती व नदीची वाळू समभाग, दुसरे काळी माती व शेणखत समभाग, तिसरी निव्वळ वाळू आणि चौथे धुतलेले कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) व भाताच्या तुसाचा कोळसा समभाग असे होते. तूस धुमसत जाळून, त्याची पांढरी राख होण्यापूर्वीच पाणी मारून विझवावे लागते, कारण कोळशामुळे मिश्रण भुसभुशीत राहते, तर राख खाली बसून मिश्रण घट्ट करते आणि त्याची अल्कताही वाढवते.

अडुळसा आणि निर्गुडी यांच्या पेन्सिलीएवढ्या जाडीच्या, तीन-चार पेरांच्या काड्या घेतल्या. खालचा छेद पेराच्या लगेच खाली तिरपा आणि वरचा आडवा घेतला, म्हणजे काडी उलटी खोचली जाण्याचा प्रश्न उरत नाही. मुळ्या फुटण्याची पावडर वापरली नाही. बांधावर नुसती खोचली तरी जगणाऱ्या निर्गुडीला तिची गरज काय?

सर्वांत आधी पालवी फुटली ती काळ्या मातीतल्या अडुळशाला, आणि सर्वांत जास्त काड्या गेल्या त्याही तिथल्याच. काडीत साठलेल्या अन्नावर पालवी फुटते, त्यामुळे वर दोन हिरवी पाने असताना खाली एकही मुळी नसते. अशी एक काडी उपटली, तेव्हा तळाची साल बोटाला बुळबुळीत लागून सुटून आली आणि आतला भाग तपकिरी पडून कुजकट वास येत होता. मुळ्या नसलेल्या काडीला खताचा उपयोग नसतो, तिला ओल आणि हवा हवी असते. आपल्याकडच्या संततधारेत चिकण काळ्या मातीत ती हवाच उरत नाही. रोपवाटिकांमध्ये हेच खतयुक्त मिश्रण पहिल्या दिवसापासून वापरण्याची पद्धत आहे, ती मला पटत नाही.

वाळूत मुळ्या भरपूर फुटल्या, पण त्या जाड, बिनफाट्याच्या आणि ठिसूळ असल्याने काडी हलवताना मोडतात. कोकोपीट-कोळशातल्या मुळ्या बारीक व फाटे फुटलेल्या असून मिश्रण धरून ठेवतात, त्यामुळे पुनर्लागणीसाठी हेच मिश्रण मला सरस वाटते. तांबडी माती व वाळू त्याच्या खालोखाल उतरली, आणि खर्चाचा विचार केल्यास तीच परवडते.

गुळवेलीबद्दल फारसे लिहिण्यासारखे नाही; झाडावर तोडून लोंबत ठेवली तरी हवेत मुळ्या सोडणारी ही वेल काळ्या मातीतही बऱ्यापैकी टिकली. पानओव्याचे छेद सावलीत सुकवून मगच लावले, तरीही त्याची मांसल खोडे काळ्या मातीत काळी पडली. बाकी तिन्हींत मात्र तो सर्वांच्या आधी रुजला.

मुळ्या धरलेली अडुळशाची रोपे आता तांबडी माती दोन भाग, कुजलेले शेणखत एक भाग आणि वाळू एक भाग अशा पिशव्यांत हलवत आहे. नवी पाने पक्की होईपर्यंत ती शेडनेटखालीच राहतील. चित्रकाच्या काड्या पाऊस ओसरल्यावर फक्त पहिल्या आणि चौथ्या मिश्रणात लावणार आहे.