कॅल्गरीचा हिवाळा आणि आई-बाबांची कोरडी त्वचा

सुपर व्हिसावर, म्हणजे आई-वडिलांना मुलांकडे दीर्घकाळ राहू देणाऱ्या कॅनडाच्या व्हिसावर, आलेल्या आई-बाबांचा कॅल्गरीतला उन्हाळा बरा जातो. ऑक्टोबरात घरातली फर्नेस, म्हणजे गरम हवा सोडून घर तापवणारी भट्टी, सुरू झाली की काही आठवड्यांत नडग्या खाजायला लागतात. पाठीला हात पोचत नाही म्हणून दाराच्या चौकटीला पाठ घासणं सुरू होतं, रात्री दोनदा-तीनदा झोप मोडते. पहिला संशय इथल्या पाण्यावर किंवा खाण्यावर जातो, पण बहुतेक वेळा खरं कारण घरातल्या हवेत असतं.

बाहेर उणे २० अंश असताना एक घनमीटर हवेत जेमतेम १ ग्रॅम बाष्प मावतं. तीच हवा घरात येऊन २२ अंशांपर्यंत तापली की तिच्यात १९ ग्रॅम बाष्प मावू शकतं, असतं मात्र तेवढंच १ ग्रॅम. म्हणजे आर्द्रता सुमारे ५ टक्के. स्वयंपाक, आंघोळ, माणसांचा श्वास यांनी ती थोडी वर येते, तरी दमट हवेत आयुष्य काढलेल्या त्वचेला ही हवा शोषूनच घेते. त्यात वयानुसार तैलग्रंथी मंदावतात आणि त्वचेच्या वरच्या थरातले स्निग्ध घटक घटतात. नडगीवर तैलग्रंथी मुळातच कमी, म्हणून त्रास तिथून सुरू होतो. आधी पांढुरका कोंडा, मग उन्हाळ्यातल्या शेतासारख्या बारीक लालसर भेगा. भेगा दिसल्या की तो एक्झिमा असतो आणि नुसत्या क्रीमने तो आवरेलच असं नाही.

आर्द्रता मोजायचा छोटा हायग्रोमीटर घ्या. कडक थंडीत ३० टक्के पुरेत. त्याहून फार वर नेली तर खिडक्यांवर पाणी साचतं आणि चौकटीला बुरशी धरते. फर्नेसला ह्युमिडिफायर, म्हणजे हवेत बाष्प सोडणारं यंत्र, जोडलेला असेल तर त्याचं पॅड दर हिवाळ्याआधी बदला. इथलं पाणी जड आहे, क्षार साचून पॅड निकामी होतं आणि यंत्र चालू असूनही हवा कोरडीच राहते.

आता आंघोळ. कडकडीत पाणी, अँटिसेप्टिक साबण आणि पाठ रगडून घेणं ही आपल्या ज्येष्ठांची आवडती त्रयी, आणि इथल्या हिवाळ्यात हीच सगळ्यात जास्त नुकसान करते. कोमट पाणी, पाच ते दहा मिनिटं, साबण फक्त काखा, जांघा आणि पावलांना. वजरी टाचांपुरती. अंग पुसताना रगडायचं नाही, टॉवेलने टिपायचं, आणि त्वचा किंचित ओलसर असतानाच, दोन-तीन मिनिटांत, क्रीम लावायचं. क्रीमचं मुख्य काम त्वचेतलं पाणी उडू न देणं. अर्ध्या तासाने, त्वचा ताणायला लागल्यावर लावलं तर अडवायला पाणीच फारसं उरलेलं नसतं.

क्रीमचा उपयोग होत नाही अशी तक्रार येते तेव्हा बहुतेक वेळा ते फारच कमी लावलेलं असतं. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूबमधून काढलेली रेघ म्हणजे सुमारे अर्धा ग्रॅम, आणि ती बोटांसकट दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. या मापाने एका पायाला पावलासकट ८ रेघा, एका हाताला पंजासकट ४, छाती-पोट ७, पाठ ७, चेहरा-मान अडीच. सगळ्या अंगाला एका वेळी साधारण २० ग्रॅम, दोनदा लावलं तर दिवसाला ४०. म्हणजे ४५० ग्रॅमचा डबा अकरा दिवसांत संपायला हवा. महिनाभर पुरत असेल तर कुठेतरी हात आखडतोय. पैसे वाचवायचे असतील तर भारी नावाऐवजी मोठा डबा घ्या.

ठिपके ठेवून, केसांच्या दिशेने, वरून खाली हलकेच पसरवा. उलट चोळलं की केसांच्या मुळाशी पुळ्या येऊ शकतात. डब्यातून घेताना स्वच्छ चमचा वापरा. मधुमेह असेल तर पायाच्या बोटांच्या बेचक्यांत क्रीम लावू नका, तिथली त्वचा पांढरी, भिजट होऊन बुरशी वाढते.

पंपाच्या बाटलीतलं पातळ लोशन बहुतांशी पाणी असतं, हिवाळ्यात ते कमी पडतं. दिवसा घट्ट क्रीम आणि रात्री नडग्यांना पेट्रोलियम जेली ही जोडी चांगली. युरिया असलेली क्रीम कोंडा मऊ करतात: अंगाला ५ ते १० टक्के, जाड टाचांना २० किंवा जास्त. पण भेगा उघड्या असताना युरिया झोंबतं, तेव्हा आधी जेलीने भेगा भरू द्या. डब्यावर ‘फ्रॅग्रन्स फ्री’ शोधा. ‘अनसेंटेड’ डब्यात वास झाकणारा सुगंध असू शकतो. टाचांना कोकणातलं कोकम तेल जरूर लावा, ते खरोखर चांगलं आहे. खोबरेल ओल्या अंगावर चालतं. मोहरीचं तेल मात्र त्वचेला त्रास देतं.

काही गोष्टी सोबत सांभाळायच्या. तेलकट पायांनी टबमध्ये किंवा लाकडी फरशीवर पाय घसरतो, म्हणून टबमध्ये रबरी मॅट हवी आणि क्रीमनंतर लगेच मोजे. क्रीम आणि जेली मुरलेले कपडे झपाट्याने पेट घेतात आणि धुण्याने क्रीम-जेली पुरती निघत नाही, तेव्हा देवापुढच्या निरांजनाजवळ पदर, ओढणी सांभाळा. लोकरी स्वेटर थेट अंगाला नको, आत सुती पूर्ण बाह्यांचं काहीतरी हवं.

फार्मसीत सहज मिळणारी झोप आणणारी खाजेची गोळी, डायफेनहायड्रामिन, ज्येष्ठांना देऊ नका. तिने गोंधळल्यासारखं होतं, लघवी अडते, तोल जातो. कॅलामाइनने थंड वाटतं खरं, पण त्वचा आणखी कोरडी होते. त्याऐवजी नेहमीचंच क्रीम फ्रिजमध्ये ठेवून लावा. आणि भारतातून आणलेली ‘सगळ्यावर चालणारी’ मलमं वापरायची नाहीत. त्यांतल्या बऱ्याच मलमांत तीव्र स्टेरॉइड असतं. नायटा असेल तर तो वरवर बरा दिसतो आणि आत पसरत राहतो. डॉक्टरांनी स्टेरॉइड दिलंच, तर ते आणि क्रीम यांच्यात वीस-तीस मिनिटं जाऊ द्या.

दोन आठवडे हे सगळं नीट करूनही खाज हटली नाही तर डॉक्टरांकडे न्या. त्वचेवर काही न दिसता अंगभर खाजत असेल तर लोह, मूत्रपिंड, यकृत, थायरॉइड आणि साखर तपासतात, चालू औषधंही पाहतात. मोठे ताठ फोड किंवा डोळ्यांना पिवळेपणा दिसला तर दोन आठवडे थांबू नका. दोघांनाही रात्रीच जास्त खाजत असेल आणि बोटांच्या बेचक्यांत पुरळ असेल तर ती खरूज असू शकते, तिथे क्रीमचा उपयोग नाही आणि उपचार घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी करावा लागतो. भारतातून निघतानाच चालू औषधांची मूळ रासायनिक नावं आणि मात्रा कागदावर लिहून आणायला सांगा. आपल्याकडची ब्रँडची नावं इथल्या डॉक्टरांना कळत नाहीत.