बुवांच्या कानातून गळलेली टिकटिक

बेळगावच्या वडगावात आमच्या घराच्या दोन्ही बाजूंना माग आहेत. सकाळी सुरू झाले की रात्रीपर्यंत खटाक-खट, खटाक-खट. अशा गल्लीत मी माडीवर रेकॉर्डिंगची खोली केली आहे म्हटल्यावर लोक हसतात. हसू देत. लाईट गेली की सगळी गल्ली कपाळाला हात लावते आणि मी जिना चढून वर पळतो. लॅपटॉप बॅटरीवर असतो, इंटरफेस, म्हणजे माईक आणि हेडफोन लॅपटॉपला जोडणारी डबी, लॅपटॉपच्याच यूएसबीवर चालतो, कंडेन्सर माईकला लागणारे ४८ व्होल्टही तोच देतो. आणि माग बंद! माझा धंदा असा अंधारात चालतो.

गेल्या श्रावणात खानापूर तालुक्यातले एक भजनीबुवा आले. सत्तरी ओलांडलेली, ऐकायला जरा कमी. नातू पुण्यात नोकरीला आहे. आजोबांचे पाच अभंग नीट रेकॉर्ड करून ठेवायचे ही त्याची हौस. पेटी-पखवाज आधीच घेऊन ठेवले होते, आता फक्त बुवांचा आवाज घ्यायचा होता. पखवाजवाल्यासाठी लावलेली मेट्रोनोमची, म्हणजे लय मोजून देणाऱ्या यंत्राची, टिकटिक मी तशीच चालू ठेवली. म्हटलं, बुवांना सम सापडायला बरी.

माझ्याकडे दोन हेडफोन. एक जुना, सोनीचा एमडीआर-७५०६. क्लोज्ड बॅक, म्हणजे पाठ बंद. ६३ ओहमचा, म्हणजे विजेला कमी अडवणारा, असल्यामुळे मोबाईलला लावला तरी दणकून वाजतो. दुसरा बायरडायनॅमिकचा डीटी ९९० प्रो, त्याच महिन्यात हप्त्यावर घेतलेला. २५० ओहम, मखमली गाद्या, आणि ओपन बॅक, म्हणजे कपाच्या पाठीला जाळी. त्या जाळीतून हवा खेळते, आवाज कानात कोंडत नाही, तासन्‌तास मिक्सिंग केलं तरी डोकं जड होत नाही. म्हणून तो घेतला होता.

आता पाव्हण्याला चांगलं ताट द्यायचं आणि आपण जर्मनच्या ताटात जेवायचं, ही आमच्या घरची रीत. मी नवा हेडफोन बुवांना दिला आणि जुना स्वतःच्या डोक्यावर चढवला. बुवांनी तो टोपीवरूनच घातला आणि खूश झाले. "हे बरं हाय ओ. कानाला काय लावल्यागतच वाटंना. माझा आवाज मला ऐकू येवालाय."

येणारच. जाळीतून बाहेरचा आवाज आत येतो, तसा आतला बाहेरही जातो. पण ते तेव्हा डोक्यात आलं नाही. बुवांनी "जरा मोठं करा" म्हटलं. २५० ओहमचा हेडफोन माझ्या छोट्या इंटरफेसला तसाही झेपत नाही, म्हणून मी बटण शेवटपर्यंत फिरवलं. पाच अभंग झाले, बुवा संध्याकाळच्या बसने गेले. मी समाधानाने जेवलो.

रात्री अकराला माग थांबल्यावर मिक्सिंगला बसलो. पहिल्या अभंगाआधीचा आलाप, नुसता बुवांचा आवाज सोलो केला. टिक. टिक. टिक. मेट्रोनोम चालू राहिला असेल म्हणून पाहिलं, तो बंद होता. टिकटिक बुवांच्या आवाजाच्या ट्रॅकमध्येच होती. ते श्वास घेत तिथे स्पष्ट, सूर विरत जाई तिथे त्याहून स्पष्ट. पाची अभंगांत.

रेकॉर्डिंगच्या वेळी मला कळलं कसं नाही? माझ्याही हेडफोनमध्ये तीच टिकटिक वाजत होती की! आतली कुठली आणि माईकने पकडलेली कुठली, हे कळायला मी एकदा तरी ती बंद करून ऐकायला हवं होतं.

रात्रभर खटपट केली. बारीक आवाज आपोआप कापणारा नॉइज गेट लावला, तर टिकटिकीबरोबर आलापाचं शेपूटही कापलं जाऊ लागलं. झांज वाढवून झाकायला गेलो, तर आलापात झांज नाहीच. आणि झाकून तरी कुणाला फसवणार? कुमार गंधर्व १९२४ साली इथून जवळच सुळेभावीत जन्मले, रामभाऊ विजापुऱ्यांची पेटी बेळगावातच वाजली. इथं शेजारचा मागवालाही जिन्यातून ओरडून सांगतो, "धैवत जरा उतरलाय बघ."

सकाळी फोन केला. चूक माझी आहे, परत यावं लागेल, येण्याजाण्याचा खर्च मी देतो. बुवा एवढंच म्हणाले, "पाऊस थांबू दे, येतो." तिसऱ्या दिवशी आले, पाऊस न थांबताच. पिशवीत परड्यातल्या चार काकड्या.

या वेळी जुना क्लोज्ड बॅक दिला. बुवांचं तोंड लगेच वाकडं. "विहिरीत तोंड घालून म्हणल्यागत वाटालंय. ताल ऐकू येवालाय, खरं माझा आवाजच ऐकू येईना की ओ." कान गच्च बंद झाला की आपलाच आवाज आतून घुमतो. गायक मग काय करतात? एक कान मोकळा करतात. बुवांनीही उजवा कप मागे सरकवला, आणि तो मोकळा कप माईकच्या दिशेने वाजू लागला. शिवाय टोपीची कड. बुवा टोपी काढणार नाहीत आणि मी सांगणारही नाही. कड गादीखाली आली की गादी कानाला बसत नाही, फटीतून आवाज गळतो आणि पखवाजाचा घुमारा त्याच फटीतून पळून जातो. चष्म्याच्या दांडीनेही हेच होतं.

शेवटी टोपी दोन बोटं वर सरकवायला सांगितली. डाव्या कानावर गादी दोन्ही हातांनी नीट बसवली. सॉफ्टवेअरमध्ये पेटी-पखवाज सगळं डावीकडे ढकललं, उजव्या कपात आवाजच जाऊ दिला नाही. आता उजवा कान मोकळा राहिला तरी बिघडत नव्हतं. राहता राहिली टिकटिक.

"ती कशाला पायजे?" बुवांनी विचारलं. "ताल हाताला हाय की."

बंद केली. मग लाईट जायची वाट बघत बसलो. बुवांनी नव्या हेडफोनची किंमत विचारली. मी सांगितली. "एवढ्यात रेडकू आलं असतं," म्हणाले, आणि काकडी चिरायला लावली.

साडेचारला लाईट गेली. दोन्हीकडचे माग एकदम थांबले. बुवांनी मांडीवर हाताने ताल धरला आणि आलाप सुरू केला. या वेळी तो संपताच मी सगळं थांबवलं, त्यांचा एकट्याचा ट्रॅक लावला आणि जाळीचा हेडफोन घालून आवाज वाढवत नेला. टिकटिक नव्हती. मांडीवरची थाप अंधूक येत होती, आणि तिच्यामागे कौलांवरचा पाऊस.

"पाऊस आलाय त्यात," मी म्हटलं. "परत घेऊया का?"

"श्रावणात पाऊस येणारच की ओ," बुवा म्हणाले. "पुढचा लावा, नाहीतर लाईट येईल."