पिंजऱ्यांच्या पलीकडचे कॅमेरून

जमशेदपूर येथे १९२५ साली जन्मलेले ब्रिटिश निसर्गलेखक जेराल्ड ड्यूरेल यांचे ‘द ओव्हरलोडेड आर्क’ हे १९५३ सालचे पुस्तक नुकतेच वाचून संपवले. पक्षितज्ज्ञ जॉन यीलंड यांच्यासह १९४७-४८मध्ये आफ्रिकेतील, ब्रिटिश अमलाखालील कॅमेरूनमध्ये केलेल्या प्राणिसंग्रहाची ही हकिगत आहे. मला सर्वाधिक गुंतवले ते आंग्वांटिबोच्या शोधाने. लोरिस या माकडांच्या दूरच्या नातलगाच्या कुळातील, जवळजवळ बिनशेपटीचा हा निशाचर प्राणी जिवंत मिळावा, यासाठी लेखकाचा जीव अक्षरशः तळमळतो. पकडलेल्या जिवांना खाऊ घालून जगवण्याचे कष्टही तो प्रेमाने सांगतो. तरीही रानातून उचललेल्या प्राण्यांविषयीची माझी अस्वस्थता शमली नाही. संकटग्रस्त प्रजातींच्या जतनासाठी झटणारे ड्यूरेल यांचे जर्सी बेटावरील प्राणिसंग्रहालय मात्र पुढे १९५९ साली उघडले.