तुम्ही विचारलंत म्हणून : 'ओ'साठी पेपरात किती हवेत?

"मॅडम, ओ ग्रेड हवी असेल तर पेपरात किती पाडायला लागतील?" सेमिस्टर संपत आलं की सगळ्यात वरच्या श्रेणीचा हा प्रश्न मला जिन्यात गाठतो, कॅन्टीनच्या रांगेत गाठतो, रात्री अकराला व्हॉट्सॲपवरही येतो. मी गणित शिकवते, म्हणून मलाच विचारतात. विचारणारा नुसता मार्कांच्या मागे लागलाय असं मला वाटत नाही. कुणाची शिष्यवृत्ती त्या आकड्यावर टिकून असते, कुणाला मुलाखतीला बसायला पॉइंटर, म्हणजे सगळ्या विषयांच्या श्रेणींची सरासरी, कमी पडत असतो. त्यामुळे उत्तर नीट द्यायला हवं.

आमच्याकडे इंटर्नल २० आणि लेखी ८०, बेरीज ८० झाली की ओ. इंटर्नलला १७ असतील तर पेपरात ६३ लागतात. ११ असतील तर ६९, म्हणजे ८६ टक्क्यांच्याही वर. वजाबाकी चौथीतल्या मुलाला जमेल, पण या दोन आकड्यांमधलं अंतर मुलांना फार उशिरा दिसतं. इंटर्नलचे ते सहा मार्क वर्गातल्या चाचणीत आणि वेळेवर दिलेल्या असाइनमेंटमध्ये होते. तेच सहा पेपरात, साठीच्या पुढे, भरून काढायचे म्हणजे एकही पायरी न चुकता अख्खं गणित सोडवायचं. म्हणून हा प्रश्न मला पहिल्या चाचणीच्या आधी विचारा, असं मी वर्गात कळवळून सांगते.

अमेरिकेत शिकणाऱ्या भाचीचा हिशोब जरा वेगळा. तिथे अंतिम परीक्षेला ३० टक्के वजन होतं, आधीच्या कामात तिची सरासरी ८२ होती आणि तिला ८५ हवे होते. तिने ८२ आणि ८८ची सरासरी काढली आणि निश्चिंत झाली. पण ८२चे ७० टक्के म्हणजे ५७.४. पंच्याऐंशीतून ते गेले की उरतात २७.६, आणि ते ३०पैकी मिळवायचे म्हणजे परीक्षेत ९२ हवेत. अठ्ठ्याऐंशी नव्हे.

पॉइंटरचं म्हणाल, तर तिथे क्रेडिट, म्हणजे विषयाचं वजन, बघा. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) दहा गुणांच्या श्रेणीत 'ओ'ला १०, 'ए प्लस'ला ९, 'ए'ला ८. सेमिस्टरला २० क्रेडिट असतील, तर चार क्रेडिटच्या विषयात एक श्रेणी वर सरकलात की पॉइंटर ०.२ने वाढतो, एक क्रेडिटच्या प्रॅक्टिकलमध्ये फक्त ०.०५ने. शिवाय श्रेणीच्या पट्ट्यात आत कुठेही असलात तरी त्या श्रेणीचे गुण तेच. म्हणून शेवटच्या आठवड्यात काठावरचा विषय आधी घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि हिशोबाने ६३ निघाले तर अभ्यास ६८चा करा. आपल्याच पेपरचा अंदाज आपल्याला कधी नीट येत नाही.

आता जे सांगायचं आहे ते मला जड जातं. काही वर्षांपूर्वी एका मुलाने विचारलं, "मॅडम, ओ वगैरे नको, फक्त पास व्हायला किती?" वडील आजारी, तो संध्याकाळी दुकानात काम करायचा. इंटर्नलला १८ होते. पासिंग ४०, म्हणून मी घाईत लिहून पाठवलं, २२. लेखीत वेगळं पास व्हावं लागतं, ८०पैकी ३२, हे मला पाठ होतं, तरी त्या क्षणी सुचलं नाही. त्याने माझ्या आकड्यावर विसंबून दोन प्रकरणं सोडली. २७ पडले. बेरीज ४५, आणि तरी केटी लागली, म्हणजे तो पेपर पुन्हा द्यावा लागला.

मी त्याला बोलावून माफी मागितली. दर शनिवारी तास संपला की आम्ही ती दोन प्रकरणं घेऊन बसायचो. पुढच्या परीक्षेत त्याला लेखीत ४९ पडले.

तेव्हापासून कुणीही विचारलं की मी कागदावर सगळ्यात आधी ३२ लिहिते, खाली रेघ मारते आणि मगच विचारते, "इंटर्नलला किती आहेत तुला?"