रिस्तिच यांच्या नोंदीतील एक ओळ

कोशाचा खंड छपाईला जाण्याआधीचा शेवटचा दिवस तारखांचा असतो. पाने लागलेली असतात, मजकुराला हात लावायचा नसतो, केवळ आकडे ताडून पाहायचे असतात. त्या दिवशी सर्बियाचे मुत्सद्दी योव्हान रिस्तिच (१८३१–१८९९) यांची नोंद माझ्यासमोर आली आणि शेवटच्या परिच्छेदातील १४ एप्रिल १८९३ या तारखेवर मी थांबलो.

सोळा वर्षांच्या अलेक्झांडर राजाने राजप्रतिनिधी असलेल्या रिस्तिच यांना त्यांच्या सहकाऱ्यांसह राजवाड्यात जेवायला बोलावून तिथेच अटकेत ठेवले आणि स्वतः सज्ञान झाल्याचे जाहीर केले, त्या रात्रीची ही तारीख. सर्बियात तेव्हा जुनी जुलियन कालगणना चालत असल्याने तिथल्या कागदांत ती १ एप्रिल आहे. लेखकाने तीत तेरा दिवस मिळवले होते. परंतु १९०० हे वर्ष जुलियन गणनेत लीप वर्ष होते, आज आपण वापरतो त्या नव्या ग्रेगोरियन गणनेत नव्हते. म्हणून तेरावा दिवस त्या वर्षीच्या मार्चपासून लागतो आणि एकोणिसाव्या शतकभर हे अंतर बाराच दिवसांचे राहते. खात्रीसाठी मी १८६७ चा प्रसंग लावून पाहिला. इस्तंबूलमध्ये सर्बियाचे प्रतिनिधी असताना रिस्तिच यांनी ज्यासाठी वाटाघाटी केल्या, ते बेलग्रेडच्या किल्ल्याचे तुर्कांकडून सर्बियाकडे हस्तांतर जुन्या गणनेने ६ एप्रिलला आणि नव्या गणनेने १८ एप्रिलला झाले. हिशेब जुळला. मी १३ एप्रिल केले आणि अन्यत्र १ एप्रिल वाचणाऱ्याचा गोंधळ होऊ नये म्हणून कंसात जुनी तारीखही दिली.

त्या कंसाने एक ओळ वाढली. नोंदींना ओळी मोजून देण्याची पद्धत मला कधीच पटलेली नाही, पण पान बांधलेले होते, तेव्हा एक ओळ काढणे भाग होते. मी काढली ती ८ जुलै १८७८ ची.

बाल्कन प्रदेशाची फेरमांडणी करण्यासाठी महासत्तांनी त्या वर्षी भरवलेल्या बर्लिनच्या परिषदेत सर्बियाला आसन नव्हते, रशियाचे वजन बल्गेरियाच्या बाजूला पडलेले होते. अशा वेळी रिस्तिच यांनी ऑस्ट्रिया-हंगेरीचे परराष्ट्रमंत्री आंद्राशी यांचे पाठबळ मिळवले. स्वातंत्र्याला मान्यता मिळाली, निश, पिरोट आणि व्रान्ये हे प्रदेशही मिळाले. पण त्यासाठी ठरावीक मुदतीत लोहमार्ग बांधण्याचे आणि व्यापारी करार करण्याचे वचन त्यांना त्या दिवशीच्या करारात द्यावे लागले. पुढे व्हिएन्नाच्या, म्हणजे ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सरकारच्या, व्यापारी मागण्या त्यांना मान्य करवेनात, म्हणून १८८० मध्ये त्यांनी पद सोडले.

बर्लिन, हायडेलबर्ग आणि पॅरिस ही त्यांच्या शिक्षणाची शहरे मला काढता आली असती. ते सुचले तेव्हा पाने छापखान्यात गेली होती. आता छापील नोंदीत १८७८ च्या यशामागोमाग थेट १८८० चा राजीनामा येतो, आणि तो का दिला हे वाचणाऱ्याला कुठेच सापडत नाही.