पेठच्या बाजूला, मृगावर कॅमेरा रोखताना

जानेवारीअखेरीस अमावास्येजवळचा शनिवार गाठून आम्ही मृग नक्षत्राचे फोटो काढायला नाशिकच्या पेठ रस्त्याला लागलो. दिंडोरी-निफाडची बाजू मुद्दाम टाळली. थंडी कडाडली की तिकडे द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात आणि धूर खालीच रेंगाळतो. सावळघाटापलीकडे ती कटकट नाही, पण नाशिकचा उजेड आग्नेयेला दिसतो. म्हणून घाई नको. या दिवसांत मृग दहाच्या सुमारास दक्षिणेला पुरता वर येतो. तो पश्चिमेकडे कलला की मग फोटो घ्यायला मजा येते.

जागा निवडताना आधी उत्तर दिशा बघा, कारण ट्रॅकर, म्हणजे ताऱ्यांच्या गतीने कॅमेरा फिरवणारं यंत्र, ध्रुवावर रोखून बसवावं लागतं. नाशिकचा अक्षांश 20 अंश, म्हणजे ध्रुवही क्षितिजापासून तेवढाच वर. हात लांब करून एकावर एक दोन मुठी धरल्या की झालं. एखादी टेकडी किंवा आंब्याचं झाडसुद्धा त्याला झाकतं. पोलर स्कोपमधून, म्हणजे ट्रॅकरवरच्या ध्रुव बघायच्या छोट्या दुर्बिणीतून, बघायला गुडघे टेकावे लागतात, तेव्हा सतरंजी न्या. फोनचा कंपास आपल्याकडे जवळजवळ खरी उत्तर दाखवतो, फक्त तो गाडीच्या बॉनेटवर ठेवून बघू नका.

आता खरी डोकेदुखी. आकाशात मृग जवळपास 65 अंश वर असतो, कॅमेऱ्याची पाठ जमिनीकडे. ट्रॅकरवर बॉलहेड (गोळ्यावर फिरणारी कॅमेऱ्याची पकड) असेल तर एक नॉब सैल केला की लेन्स तिन्ही दिशांना लोंबकळते, आणि त्या झटापटीत ध्रुवावर बसवलेला ट्रॅकर हलतो. माझं मत स्पष्ट आहे: 135 मिमीच्या पुढच्या लेन्सला बॉलहेड नकोच. डेक्लिनेशन ब्रॅकेट (कॅमेरा फक्त उत्तर-दक्षिण फिरवणारा आधार) आणि काउंटरवेट (तोल साधायचं वजन) घ्या. मग दोनच हालचाली उरतात, एक ट्रॅकरच्या क्लचची, पूर्व-पश्चिम, आणि एक ब्रॅकेटची.

क्रमही महत्त्वाचा. वजन चढवून, तोल साधून, कॅमेरा अंदाजे मृगाकडे वळवायचा. मग ट्रॅकर ध्रुवावर बसवायचा. ध्रुव तारा नेमका ध्रुवबिंदूवर, म्हणजे आकाश ज्याभोवती फिरतं त्या बिंदूवर, नाही, पूर्ण चंद्राच्या व्यासाहून थोडा जास्तच बाजूला आहे. त्याची त्या वेळची जागा ॲपमध्ये बघून स्कोपमधल्या वर्तुळावर आणायची. त्यानंतर आयएसओ 6400, तीन-चार सेकंदांचे चाचणी फोटो. मृगाच्या पोटातल्या तीन ताऱ्यांपैकी पूर्वेकडचा शोधा. अश्वशीर्ष, म्हणजे घोड्याच्या डोक्यासारखा काळा मेघ, त्याला खेटून दक्षिणेला, आणि मृगातला मोठा तेजोमेघ (चमकणारा वायूचा ढग) तिथून जेमतेम 4 अंशांवर. क्रॉप (फुल-फ्रेमहून छोट्या) सेन्सरवर 135 मिमी लेन्सची चौकट सुमारे 10 बाय 6.5 अंशांची, दोन्ही आरामात मावतात. क्लच आवळताना चौकट किंचित सरकते, म्हणून आवळल्यावर पुन्हा एक फोटो काढा. शेवटी ध्रुव परत तपासा. हा टप्पा बरेच जण गाळतात आणि मग तारे लांबट आले की लेन्सला नावं ठेवतात.

ट्रॅकरशिवाय या लेन्सला दोन-तीन सेकंदच मिळतात, पुढे ताऱ्यांच्या रेघा होतात. ध्रुव नीट बसला तर मिनिटभराचे फोटो बिनधास्त घ्या.

मध्यरात्रीनंतर दव पडतं, तेव्हा लेन्सला हीटर पट्टी सुरुवातीलाच गुंडाळा. नंतर गुंडाळायला गेलात तर फोकस हललाच म्हणून समजा. आणि शेतात उतरण्याआधी गावच्या पोलीस पाटलांना कल्पना द्या. अंधारात लाल टॉर्च घेऊन फिरणारी माणसं बघून कोणीही काठी घेऊन येईल.