काटा लालवर, हीटर गार

गाडी सारखी तापत होती, पण गॅरेजवाल्याने बॉनेटही धड उघडलं नाही. ‘हेड गॅस्केट (इंजिनाच्या दोन भागांमधली सील) गेलंय, इंजिन खोलावं लागेल’ म्हणून मोकळा झाला. तो राग अजून गेलेला नाही.

घरी येऊन गॅस्केट गेल्याच्या खुणा शोधल्या. ऑइल बघायची पट्टी, डिपस्टिक, काढली. ऑइल स्वच्छ, दुधाळपणा नाही. सायलेन्सरमधून पांढरा धूर नाही, कुलंटची (इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाची) पातळीही उतरत नव्हती. म्हटलं, गॅस्केटच्या आधी स्वस्तातल्या गोष्टी बघू. गाडी दहा मिनिटं चालली की तापमानाचा काटा लाल पट्टीकडे जायचा, पंखा फिरत असायचा, पण रेडिएटरचा वरचा होज (रबरी नळी) चटका देणारा आणि खालचा गारच. म्हणजे पाणी फिरतच नव्हतं. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापलं की उघडून पाणी रेडिएटरकडे सोडणारी झडप, काढून जुन्या पातेल्यात उकळला. त्यावर 82 कोरलेलं होतं, म्हणजे 82 अंशांना तो उघडू लागायला हवा, पण पाणी खळखळून उकळलं तरी पठ्ठ्या मिटलेलाच. नवा आणला, बसवला, कुलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं करून भरलं. तासाभराचं काम.

आणि काटा पुन्हा वर!

पुढचे तीन दिवस मी जे केलं त्याला खटपट म्हणावं की वेडेपणा, ठरवता येत नाही. पहिल्या दिवशी इंजिन गार असताना रेडिएटरचं झाकण उघडून गाडी नुसती चालू ठेवली, भरताना आत अडकलेली हवा आपोआप निघेल म्हणून. निघाली नाही. दुसऱ्या दिवशी चढावर तोंड वर करून लावली, म्हणजे भरण्याचं तोंड सगळ्यात उंच राहील. (चाकांना मागून दगड लावा, हे आधी सांगायला हवं होतं.) थोडे बुडबुडे आले, मी खूश. चक्कर मारायला निघालो तर कोपऱ्यावरून परत. इंजिन बंद करून अर्धा तास नुसता बसून राहिलो. इंजिन गरम असताना ते झाकण उघडायचा मोह होतो, पण अजिबात उघडू नका. आत दाब असतो, झाकण सैल होताच उकळतं पाणी अंगावर येतं.

खरी खूण समोरच होती आणि मला कळत नव्हती. काटा लालवर, हीटर पूर्ण गरमवर, तरी आतून वारा गार. हीटरपर्यंत गरम पाणी पोहोचतच नव्हतं, कारण वाटेत हवा अडकलेली. पंप पाणी ढकलतो, हवेपुढे त्याचं काही चालत नाही. शिवाय थर्मोस्टॅटभोवती पाण्याऐवजी हवा असली की तो वेळेवर उघडत नाही.

तिसऱ्या रात्री जुना थर्मोस्टॅट हातात फिरवत बसलो होतो. त्याच्या कडेला एक बारीक भोक आणि त्यात खुळखुळणारी पिन. ती कशासाठी? भरताना हवा निसटावी म्हणून! म्हणजे ती वरच्या बाजूला हवी. सकाळी नवा काढून पाहिला, तर पिन खाली. बसवणारा मीच. गॅरेजवाल्यावरचा थोडा राग तिथे स्वतःकडे वळवावा लागला.

पिन वर करून बसवला. स्वच्छ टबात धरलेलं कुलंट अगदी हळू, बारीक धारेने ओतलं. इंजिन चालू, हीटर पूर्ण गरमवर, आणि हाताने वरचा होज दाबायचा-सोडायचा, दाबायचा-सोडायचा. ढब्‌ ढब्‌ करत मोठे बुडबुडे आले, पातळी एकदम खाली गेली, मी पुन्हा भरलं. पंधरा-वीस मिनिटांनी हीटरमधून गरम वारा आला. इतक्या उकाड्यात तो तोंडावर घेत बसलेला माणूस मीच.

नंतरच्या दोन-तीन सकाळी गार इंजिनावर पातळी बघितली, थोडी भर घालावी लागली. इंजिन बंद ठेवून काम करताना बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, काही गाड्यांत चावी बंद असतानाही पंखा अचानक फिरतो. नळाचं पाणी भरू नका, आत क्षार धरतात. आणि सांडलेलं कुलंट लगेच पुसा. चवीला गोडसर असल्याने कुत्री-मांजरं चाटतात, आणि ते विष आहे. माझं जुनं कुलंट झाकणाच्या कॅनमध्ये भरून उंच फळीवर ठेवलंय.